कोपर

आईच्या अल्बममध्ये पोपचे तेवीस फोटो आहेत,
पेपरांतून कापलेले, कॅलेंडरांतून,
एक तर बिस्किटाच्या डब्यावरून सोललेला.
पाहुण्यांना ती पोप दाखवत नाही.
फोटो संपतो तिथे, कडेला, बोट ठेवते:
"हे कोपर बघ. हा आमचा कायतान."

जांभळी बाही, वर लेसचा काठ.
कधी अर्धा चष्मा. कधी पुस्तकाखालचे दोन अंगठे.
सव्वीस वर्षांत मामा अख्खा
एकाच फोटोत आलाय, आणि त्यातही
वाऱ्यावर उडालेल्या पांढऱ्या टोपीमागे धावताना.
तो फोटो त्याला आवडत नाही.

तळ्याजवळच्या चर्चमध्ये घंटा वाजवणारा पोरगा,
घंटा नेहमी अर्धा सेकंद आधी
म्हणून पास्कू सांक्रिस्तांवची टपली.
मग गोरेगावची सेमिनरी, मग रोम, मग लॅटिन,
आणि शेवटी ती जागा, जिचं नाव भलं लांब
आणि काम असं:
कुठल्या शब्दाला मुकुट उतरवायचा,
कुठल्या शब्दाला परत चढवायचा,
धुपाटणं कुणाकडून कुणाकडे,
पाऊस आला तर काय, कार्डिनलला घेरी आली तर काय.
बाहीत दोन टाचण्या, खिशात खडीसाखर.
रात्री कुलूपबंद चर्चमध्ये तालीम:
मामाच पोप, आणि त्याच्या मागे
मामाच मामा.

म्हातारे पोप मधेच ओळ विसरायचे,
हे त्यानं आईला फोनवर एकदाच सांगितलं.
"मी पानावर बोट ठेवायचो. बस."

मागच्या मे महिन्यात परत आला, कायमचा.
दोन बॅगा, एकीत नुसती औषधं.
संध्याकाळी मासुंद्याला फेऱ्या मारतो,
पॅडलबोटी मोजतो,
गेल्या तेवढ्या परतल्या का.

मग ब्लेसिलाचं लग्न निघालं.
उंबराच्या पाण्याला सगळे जमले खरे,
पण पुढे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
विहिरीवर महापालिकेची जाळी, जाळीला कुलूप,
किल्लीवाला माणूस नगरसेवकाच्या मिरवणुकीत.
बँड उल्हासनगरचा, येणारं गाणं एक.
लुगडी भाड्याची, नेसवणाऱ्या दोघींत अबोला.
कुणी म्हणे आधी विडा ठेवा, कुणी म्हणे आधी कळशी,
कुणी यूट्यूब उघडून बसलेलं.
हे सगळं रेजिनमावशी बघायची.
तिला कुणी विचारून लिहून घेतलं नाही,
आणि ती गेली.

मामा खुर्चीतून उठला.
मी मनात म्हटलं, झालं, आता लॅटिन.
तो काहीच बोलला नाही.
आईच्या मागे एक पाऊल, जरा डावीकडे, उभा राहिला
आणि तिच्या कोपराला दोन बोटं लावली.
आई चालायला लागली.
तिच्यामागे कळशीवाल्या आपोआप दोन-दोन झाल्या,
विडा पुढे गेला, दारूची बाटली पदराआड,
बँड क्रुसापाशी थांबला, आपोआप, वाटावं असा.

पाणी किणींच्या नळाचं, निळ्या पिंपात.
"चालेल?" मी हळूच विचारलं.
"बाहत्तर साली मावशीनं टँकरचं चालवलं होतं."
मग थोड्या वेळानं, पिंपाकडेच बघत,
"तिकडे विचारायचे, कुठे शिकलास हे सगळं.
मी विद्यापीठाचं नाव सांगायचो."

आई कळशी बुडवायला वाकली.
सगळी गल्ली गप्प. किणींचं कुत्रंसुद्धा.
आणि ढोलवाल्यानं
अर्धा सेकंद आधी काठी हाणली.

मॉन्सिन्योर कायतान मिस्किटांनी
मागून, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं,
त्याला टपली मारली.